भेगा मोजणारे रणपिसे

लिंपून बुजवलेली भेग दिसली की रणपिशांच्या चेहऱ्यावर जी शिसारी उमटे, ती मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. घासात केस लागल्यावर माणूस थबकतो, तसे ते थबकत. कुणाच्याही घरात शिरले की दाराशी बूट काढायचे, घरच्या माणसांना नीट नमस्कार-चमत्कार करायचा आणि समोर आलेल्या कॉफीला हात लावण्याआधी भिंतीवरून उजवा तळहात फिरवायचा, असा त्यांचा क्रम होता. वॉलपेपर नवा वाटला, किंवा पुट्टीचा गुळगुळीतपणा हाताला लागला, की तळहात तिथेच थांबे. "लिंपलंय," असे ते मराठीत, स्वतःशीच म्हणत आणि खिशातला रुमाल काढून हात पुसत. उघड्या भेगेवर त्यांचा राग नसे. "उघडी भेग बरी ओ," ते मला म्हणत, "ती मोजता तर येते."

रणपिसे पाटणकडचे, कोयनेच्या खोऱ्यातले. तरुणपणी शिष्यवृत्तीवर नेदरलँड्समध्ये मातीचे शास्त्र शिकायला आले आणि इथेच राहिले. मी त्यांना २००५ साली भेटलो, तेव्हा ते साठीच्या जवळ आले होते आणि ग्रोनिंगनमधल्या एका कार्यालयात कंत्राटावर घरांची पाहणी करत होते. ग्रोनिंगन प्रांताच्या पोटातून नैसर्गिक वायू काढतात. वायू निघाला की खालचा खडक दबतो, जमीन बसते आणि मधूनच हादरते. हादरे लहान; कपाटातले पेले किणकिणावेत, शेजारच्याने दार आपटले असे वाटावे, एवढेच. पण वरची घरे जुन्या विटांची आणि चिकणमातीवर उभी. त्यांना भेगा पडत. लोक नुकसानभरपाईसाठी अर्ज करत, आणि ते अर्ज हे कार्यालय निकाली काढत असे. निकाली काढणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

त्या अर्जांसाठी लागणारी संगणकप्रणाली आमची पुण्याची कंपनी तयार करत होती आणि मी तिचा प्रकल्पप्रमुख म्हणून बायको-मुलीसह ग्रोनिंगनला आलो होतो. मी पन्नाशी ओलांडली होती. आवाज न चढवता, कुणाला न दुखावता काम करून घेणारा माणूस अशी माझी ख्याती होती आणि तिचा मला अभिमान होता. आज त्या ख्यातीचा वास येतो.

पहिल्याच दिवशी कुणीतरी आम्हा दोघांची ओळख करून दिली. परदेशात मराठी माणूस भेटल्याचा आनंद मला खराच झाला होता. मी हात पुढे करून म्हणालो, "मी आपटे. पुण्याचा. तुम्ही मूळचे कुठले?"

रणपिशांनी माझा हात हातात धरूनच ठेवला. "गाव विचारताय का जात विचारताय, आपटेसाहेब? जातच विचारा. तुमचा वेळ वाचंल."

"नाही, नाही, मी आपलं सहज…"

"सहजच विचारत्यात सगळी. बौद्ध. पाटण तालुका. झालं? चला आता, कॉफी घेऊ. हितली कॉफी म्हंजे गरम पाण्याची बदनामी हाय."

ते हसले, मीही हसलो. डच सहकाऱ्यांशी ते शुद्ध, काहीसे जुन्या वळणाचे डच बोलत आणि माझ्याशी मात्र मुद्दाम गावाकडची बोली. मला वाटे, ही त्यांची जवळीक. पुढे कळले की मी प्रमाण मराठीच्या आडोशाला बसू नये, म्हणून ते तसे बोलत.

मीटिंग संपली की ते स्वच्छतागृहात जात आणि कोपरापर्यंत हात धूत. प्रत्येक वेळी, साबण लावून, सावकाश. एकदा न राहवून मी विचारले, "काही त्वचेचा त्रास आहे का? इथे हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, बरा आहे आमचा, दाखवून घ्या."

"डॉक्टर काय करणार? गोड बोलणाऱ्या माणसांशी हात मिळवून येतो न्हवं. चिकटतं."

मी हसलो आणि हसू अर्ध्यावर थांबले. माझ्या लहानपणी, रणपिशांच्या समाजातली माणसे काही कामाने आमच्या दारी येऊन गेली की पायरीवर पाणी शिंपडले जाई. ते मी पाहिले होते आणि त्याविषयी आयुष्यात कधी कुणाशी बोललो नव्हतो. आरशात आम्ही दोघे शेजारी उभे होतो आणि ते आमच्यासारख्यांच्या स्पर्शाचे हात धूत होते. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली. पण अशा किळसेवर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही. ती येते, आपण बरे आहोत असे दोन मिनिटे वाटायला लावते आणि निघून जाते.

एका रविवारी मी त्यांना दुपारी जेवायला बोलावले. माझी मुलगी ईशा तेव्हा बारा वर्षांची होती. मराठी तिला सगळे समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. तिने ताटावर बसल्या बसल्या विचारले, आपल्या खाली ज्वालामुखी आहे का? वर्गातला एक मुलगा तसे म्हणत होता.

"ज्वालामुखी? ह्या सपाट देशात?" रणपिशांनी ताटातली एक इडली उचलून तळहातावर घेतली. "हे बघ. हिच्यात किती बारीक भोकं हायत. तशी खालच्या खडकाला हायत. त्या भोकांत वायू बसलाय. तो काढला, की…" त्यांनी दुसऱ्या हाताने इडली हळूच दाबली. इडली चपटी झाली आणि कडेला तडकली.

"अहो रणपिसे, ती खायची आहे, शिकवायची नाही!" माझी बायको म्हणाली.

"खातो की, वहिनी. तडकलेली जास्त चांगली लागती. सांबार मुरतं."

ईशाने इंग्रजीत विचारले, "पण दाबतंय कोण?"

"कुणी दाबावं लागत न्हाय, बाळ. वरचं ओझं असतंच. फकस्त आतलं काढून घ्यायचं."

ते मुलीकडे पाहून बोलत होते. मी मान खाली घालून चटणी घेतली. त्याच आठवड्यात कार्यालयात एक बैठक झाली होती.

त्या बैठकीत अर्जाचा नमुना ठरायचा होता. त्यात एक प्रश्न होता, ही भेग आपण प्रथम केव्हा पाहिली? उत्तरातले वर्ष नोंदलेल्या हादऱ्याच्या आधीचे असेल तर भेग 'पूर्वीपासूनची' ठरायची आणि कुणी घरी न जाता नकाराचे पत्र आपोआप छापले जायचे. व्यवस्थापकांना हे सुटसुटीत वाटत होते. रणपिसे म्हणाले, "भेग जुनी असणे ही एक गोष्ट आणि जुनी भेग वाढणे ही दुसरी. या मुलखातल्या म्हाताऱ्या माणसांना खोटे बोलता येत नाही. ती विचारल्यावर खरे वर्ष लिहितील आणि त्यासाठीच त्यांना नकार जाईल. भेग वाढली का, हे विचारायला एक रकाना ठेवा. तो भरलेला अर्ज माणसाने वाचावा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. रकाना ठेवणे म्हणजे दोन दिवसांचे काम होते. पण व्यवस्थापकांच्या कपाळावर आठी होती, आणि समोरच्याच्या कपाळावरची आठी वाचणे हीच आमच्या धंद्यातली खरी विद्या. मी मृदू आवाजात म्हणालो, "चांगली सूचना आहे. पुढच्या टप्प्यात घेऊ."

आमच्या क्षेत्रात राहिलेल्या प्रत्येकाला या वाक्याचा अर्थ ठाऊक आहे: कधीच नाही. रणपिशांनाही होता. ते उठले आणि हात धुवायला गेले.

नकाराची पत्रे जाऊ लागली. त्यांतले एक बोस्माबाईंना गेले. रणपिसे डच आडनावांनाही 'बाई' लावत. ग्रोनिंगनच्या ईशान्येला, समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या कडेला या विधवा बाईंचे जुने शेतघर होते. वय ऐंशीच्या पुढचे, कानांनी अधू. लग्न होऊन आल्या त्याच घरात त्या राहत होत्या आणि तिथेच शेवटपर्यंत राहायचे, एवढी एकच त्यांची मागणी होती. बैठकीच्या खोलीत चिमणीलगत वरपासून खालपर्यंत भेग होती. अर्जात त्यांनी लिहिले होते: मी या घरात नवरी म्हणून आले तेव्हा ही केसाएवढी होती, आता माझे बोट जाते. आमच्या प्रणालीने वर्षाच्या चौकटीत त्यांनी लिहिलेले लग्नाचे साल तेवढे उचलले आणि नकाराचे पत्र छापले.

रणपिसे मला त्यांच्या घरी घेऊन गेले. पाहणी करायची परवानगी नव्हती, कारण अर्ज निकाली निघाला होता. म्हणून शनिवारी, आपल्या गाडीने. त्यांनी खिशातून काचेच्या चार पट्ट्या काढल्या, विद्यापीठातल्या एका मित्राकडून आणलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या. भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोके चिकटवली आणि प्रत्येकीवर तारीख घातली.

"बांधकाम खात्यात शिकलो ही युक्ती," ते म्हणाले. "भिंत हलली न्हाय तर काच जशीच्या तशी. हलली तर मोडती. काचेला वाकून सलाम करता येत न्हाय ना कुणाला."

बोस्माबाईंनी प्रत्येकाला एकेक बिस्किट दिले आणि डबा बंद केला. मग भिंतीकडे बोट करून मोठ्याने विचारले, "मी हे पुसू का? धूळ बसेल त्याच्यावर."

"हात लावायचा नाही!" रणपिसे त्यांच्या कानाशी ओरडले. "मी येऊन पुसेन!"

दर शनिवारी ते तीस-चाळीस किलोमीटर जाऊन खरेच त्या काचा पुसत आणि भेगेची रुंदी एका वहीत लिहीत.

परतताना गाडीत मी म्हणालो, "एखाद्या भिंतीसाठी एवढं?" कौतुकाने म्हणालो, पण शब्द तसेच निघाले. रणपिशांनी गाडीचा वेग कमी केला. बाहेर बीटाची उकरलेली शेते होती. मग त्यांनी जे सांगितले, ते पुन्हा कधी सांगितले नाही.

कोयनेचे धरण भरले त्यानंतर त्यांच्या खोऱ्यात जमीन हादरू लागली होती. मोठा भूकंप व्हायच्या कितीतरी आधीपासून. त्यांच्या घराची दगड-मातीची भिंत चिरली. मग कुणी साहेब पाहणीला येणार असे कळले. "साहेब आपल्या वस्तीत, आपल्या घरात येणार! बापाला काय करू अन् काय नको झालं. चिरलेलं घर साहेबाला कसं दाखवायचं? आदल्या दिवशी त्यानं माती कालवली, शेण घातलं अन् भेग अशी लिंपली, की शोधून सापडू नये. साहेब आला, भाईरनंच बघितलं, भिंत ठीक म्हणून लिहून घेतलं अन् गेला. चहापण घेतला न्हाय. घेणार न्हवताच." त्यांनी गिअर बदलला. "मोठा हादरा बसला तवा तीच भिंत बापाच्या पायावर पडली. पाय गेला. पुढं वीस वरीस जगला, अन् वीस वरीस एकच म्हणायचा, मीच लिंपली रे. साहेबाला त्यानं कधी नाव ठेवलं न्हाय. मला ह्या गोष्टीचीच किळस येती, आपटेसाहेब. साहेब निजला असंल सुखानं."

 करण्यासारखे होते, ते माझ्या अधिकारात होते. एक रकाना, दोन दिवसांचे काम. मी आठवडाभर बेचैन राहिलो आणि त्या बेचैनीलाच काहीतरी केल्याचे समाधान मानले.

हिवाळ्यात चारपैकी तीन काचा मोडल्या. रणपिशांनी वही, मोडक्या काचांची छायाचित्रे आणि स्वतः लिहिलेले निवेदन जोडून बोस्माबाईंच्या नावे आक्षेप दाखल केला. कार्यालयाने सुनावणी ठेवली. कंत्राटावरच्या माणसाने कार्यालयाविरुद्ध अर्जदाराच्या शेजारी बसायचे, याचा अर्थ त्यांना कळत होता. त्यांनी त्या दिवसाची रजा टाकली आणि बाईंना आणायला गेले. प्रणालीची माहिती देण्यासाठी मलाही बोलावले होते.

दारातच आमची गाठ पडली. रणपिशांनी बाईंचा कोट धरला होता.

"काय विचारणार हायत, ठावं हाय न्हवं?" ते मराठीत म्हणाले.

"हो."

"मग झालं. खरं तेवढं सांगा. जास्ती काय नगो."

मी मान डोलावली आणि बाईंच्या हाताला आधार देऊन त्यांना उंबरठा ओलांडून दिला.

समितीच्या अध्यक्षा शांत, नेमक्या बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागद चाळले आणि मला एकच प्रश्न विचारला. "अर्जदार बाईंनी भेग वाढल्याचे लिहिले आहे. नकार जाण्यापूर्वी हे वाक्य कुणी वाचले होते का?"

उत्तर 'नाही' असे होते. एवढे म्हटले असते तर अर्ज पुन्हा उघडावा लागला असता, माणसाला घरी जाऊन भेग पाहावी लागली असती. आणि केवळ हाच नव्हे, असे सगळेच अर्ज. माझ्या उजव्या हाताला व्यवस्थापक बसले होते. आमचे दुसऱ्या टप्प्याचे कंत्राट त्यांच्या टेबलावर होते. मी घसा साफ केला आणि नेहमीच्या मृदू आवाजात म्हणालो, "अर्जात दिलेली सर्व माहिती प्रणालीत जशीच्या तशी नोंदवली जाते आणि ठरलेल्या निकषांनुसार तपासली जाते."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते वाक्य दोन दिवस घोटले होते.

"म्हणजे तपासली गेली," अध्यक्षा म्हणाल्या.

"निकषांनुसार," मी म्हणालो.

बोस्माबाई कानामागे हात धरून बसल्या होत्या. त्यांना काही ऐकू गेले नसावे. रणपिसे माझ्याकडे पाहत होते. राग नव्हता. पुट्टीवर तळहात थांबल्यावर असे, तसा तो चेहरा होता. मग त्यांनी वही पुढे केली, काचांविषयी सांगितले. ही मोजमापाची पद्धत कार्यालयाच्या नियमावलीत नाही, असे व्यवस्थापकांनी दाखवून दिले. ते खरेच होते. आक्षेप फेटाळला गेला. निर्णयाच्या पत्राच्या शेवटी 'आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद वाटतो' असे छापले होते. हे वाक्यही आमच्याच प्रणालीतले. मी स्वतः तपासून मंजूर केलेले.

महिनाअखेरीला रणपिशांच्या कंत्राटाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. निरोपासाठी आणलेला केक त्यांनी खाल्ला नाही. आमचा दुसरा टप्पा मंजूर झाला. वाढीचा रकाना त्यातही नव्हता. मीही सुचवला नाही.

मार्चमध्ये कळले, की चिमणी कोसळण्याचा धोका आहे म्हणून खेमेंटेने, म्हणजे तिथल्या पालिकेने, बोस्माबाईंना घर रिकामे करायला सांगितले आहे. डागडुजीला त्यांच्याकडे काही नव्हते. त्या शहरात वृद्धांच्या सदनिकेत राहायला जाणार होत्या. मी रजा काढली. कार्यालयात कारण सांगितले, दाताचे.

घरापुढे भाड्याची लहान व्हॅन उभी होती. रणपिसे बाह्या वर सारून एकटेच सामान बाहेर आणत होते. मला पाहून ते थांबले नाहीत.

"आलाय तर ते टोक धरा."

ओकच्या लाकडाचे जुने कपाट होते. आम्ही ते उचलले. दारातून तिरके काढताना आमचे चेहरे हातभर अंतरावर आले.

"रणपिसे, माझं चुकलं."

"डावीकडं घ्या. बोटं सांभाळा."

कपाट गाडीत चढले. मी धापा टाकत उभा राहिलो. "तुम्ही त्यांना सांगितलं असेल ना, मी तिथे काय बोललो ते?"

"मी कशाला सांगू? तोंड तुमचं हाय." ते दोरी आवळत होते. "त्या हितंच हायत. सांगायचं तर सांगा."

बोस्माबाई घरातून बाहेर आल्या. कोट, टोपी, हातमोजे. लांबच्या प्रवासाला निघाल्यासारख्या. त्या थेट माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही! त्या दिवशी सुनावणीला आमच्या बाजूने आला होतात. मी ओळखलं. तुम्ही दोघं एकाच देशाचे ना? मी बहिणीला सांगितलं, माझ्यासाठी दोन भारतीय गृहस्थ आले होते, एक नव्हे. निकाल लागायचा तो लागला. पण तुम्ही आलात, हे मी विसरणार नाही."

रणपिसे चालकाच्या जागेवर बसले होते. त्यांनी किल्ली फिरवली नव्हती. खिडकीची काच खाली होती आणि ते समोर रस्त्याकडे पाहत थांबले होते. घाई नव्हती त्यांना. मला हवा तेवढा वेळ ते देत होते, हे मला कळत होते.

कबुलीचे वाक्य मी डचमध्ये जुळवून आणले होते. साधे होते, मी त्या दिवशी तुमच्या बाजूने बोललो नव्हतो. बाईंच्या बहिऱ्या कानासाठी मोठ्याने म्हणावे लागले असते. बांधावरून वारा येत होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहत, ओठ वाचण्यासाठी मान किंचित पुढे केली.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. "कुणीही केलं असतं."

त्यांनी माझा हात थोपटला आणि त्या गाडीकडे गेल्या. रणपिशांनी आतून दार उघडले, वाकून त्यांचा पट्टा लावून दिला, त्यांची पर्स पायाशी नीट ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. गाडी वळली आणि कपाट हलू नये म्हणून अगदी सावकाश, बांधाच्या कडेने निघून गेली.